चौथा ग्लास

त्यांनी चौथा ग्लास तिसऱ्यांदा उचलला. वर तळहात ठेवून दोनदा गोल फिरवला आणि नाक आत घातलं. कॉफी, कडू चॉकलेट, आणि त्यामागून जळकट वास. तोच तो.

टेबलावर सहा ग्लासांत सहा काळ्या स्टाउट बिअर होत्या. स्पर्धेत कुठली कुणाची हे परीक्षकांना सांगत नाहीत, फक्त नंबर असतो. पण यंदा लेकीनंही नाव दिलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिचा हात बापाला कळणार नाही? बार्ली भाजताना ती मिनिटभर जास्तच ठेवायची. दोन वर्षांपूर्वी सगळ्या कामगारांसमोर ते तिला म्हणाले होते, "ही बिअर नाही, राखेचं पाणी आहे." त्याच संध्याकाळी तिनं त्यांचा कारखाना सोडला आणि पुढे स्वतःचा छोटासा काढला. तेव्हापासून बापलेकीत विस्तव जात नव्हता.

सगळे त्यांना 'तराजू' म्हणत. सख्ख्या भावाच्या बिअरलाही त्यांनी कधी अर्धा गुण फुकट दिला नव्हता. बायको तर जेवायला वाढतानाच विचारायची, "आज किती गुण?"

त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, बादलीत थुंकला. घशाशी राख उरलीच. पन्नासात तीस, त्याहून एक जास्त नाही. पण जिवाला चैन पडेना. दोन वर्षं लेकीचा आवाज ऐकला नव्हता. एकदाच, असं स्वतःला बजावून त्यांनी बेचाळीस लिहून टाकले.

संयोजक बाईंनी कागद उचलला. "आता गुण देऊन झालेत, म्हणून सांगते. तुमच्या मुलीनं सकाळीच नाव मागे घेतलं. तिची बिअर या सहांत नाहीच."

त्यांनी कागद जवळजवळ ओढूनच परत घेतला. चौथा ग्लास पुन्हा चाखला. कुणा अनोळखी माणसाचं राखेचं पाणी होतं ते. बेचाळीस खोडून त्यांनी तीस लिहिले, बाजूला सही केली. शरमेनं कान तापले होते.

"मला घाबरली असेल," ते म्हणाले. "मी कुणाला सोडत नाही, हे तिला ठाऊक आहे."

बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. अक्षर लेकीचंच होतं.

"बाबा, तुम्ही गुण कापाल ही भीती नव्हती. या वेळी वाढवाल, ही होती."