दोन कड्यांचं पातेलं

परसातल्या तळ्यावर बर्फाचा थर धरला होता. एका जागी तरी तो वितळवला नाही, तर खालचे मासे गुदमरतात. बायकोने जीव लावून पाळलेले मासे. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा.

“बाबा, पहारीनं फोडा की सरळ,” लेक फोनवर म्हणाली.

“हादऱ्यानं मरतात गं ते. तुझी आई ओरडेल.”

मी फोन ठेवला.

उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं दर हिवाळ्यात ती आणि मी एकेक कडी धरून नेत असू आणि बर्फावर ठेवत असू. सवयीने मी एकच कडी धरली. पातेलं सरळ वर आलं. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही.

शेजारी बघायचा धीर झाला नाही. काठाशी पोचल्यावर नेहमीसारखं विचारलं, “ठेवू?”

पलीकडची बाजू आधी टेकली.