मायलेकरांचा भात

"आई, उगाच घोळ घालू नकोस. कागदावर सहीचा शिक्का मार," कात्सुनोरी म्हणाला. ओसाकातली ही खानावळ विकायला तो मुद्दाम तोक्योहून आला होता. मोठा भाऊ गेल्यापासून त्याची बायको चिसाको गेली अठरा वर्षं ही खानावळ ओढत होती. तिने तोंड उघडलं तशी तो खेकसला, "वहिनी, हा आम्हा मायलेकरांचा मामला आहे. परक्यांनी मध्ये पडू नये!"

म्हाताऱ्या इकुयोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून चुलीपाशी गेली. वरती तिनेच कुंचल्याने लिहिलेल्या, पदार्थांच्या नावांच्या दोन पाट्या लटकत होत्या. भातावर घातलेलं गाईचं मांस आणि कोंबडीचं अंडं यांचं काही नातं नाही, म्हणून तो 'परक्यांचा भात'. कोंबडी आणि कोंबडीचंच अंडं, म्हणून तो 'मायलेकरांचा भात'.

परक्यांच्या भाताचे दोन वाडगे तिने भरले. एक सुनेपुढे ठेवला, एक स्वतःला घेतला. तिसरा वाडगा तिने लेकापुढे आदळला.

"खा, मायलेकरांचा भात खा. ह्यात आईचेच तुकडे करतात."