डॉल्फिनचं माप

"मास्तर, हातातलं ठेवा बाजूला. माप घ्यायचंय," टिटवी दारातूनच ओरडली. "घाई आहे."

"घाई कोणाला नसते?" मास्तरांनी शिलाईच्या मशीनवरून मान वर केली नाही. "लग्न कधी आहे?"

"लग्न नाही. डॉल्फिन आहे."

मशीन थांबलं. दारात कॉलेजची दोघं उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मुलीच्या आवाजामुळे सगळा वर्ग तिला टिटवी म्हणायचा आणि मुलाच्या उंचीमुळे त्याला बांबू. किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांसाठी पळापळ करणाऱ्या पोरांमधली ही दोघं. गावात त्यांना कोणी फारसं मनावर घेत नसे.

टिटवीने एका दमात सांगून टाकलं. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर एक मादी अडकली होती. ओहोटी लागली होती. तिच्याभोवतीचं पाणी दुपारपर्यंत आटणार होतं. उचलून खोल पाण्यात न्यायला त्यांच्याकडे एक झोळी होती, ती पहिल्याच उचलीला उसवली. या किनाऱ्याला आता मोजकेच डॉल्फिन उरले होते. त्यात ही पोटुशी.

मास्तरांची बायको कोपऱ्यात काजं करत बसली होती. तिची सुई थांबली.

"पोटुशी म्हणतेय ती," ती नवऱ्याला म्हणाली. "मग बसलाय काय? उठा."

शेजारच्या दुकानाच्या छपरासाठी आलेली नवी ताडपत्री मास्तरांनी जमिनीवर पसरली. टिटवी सांगत होती, झोळीला दोन भोकं हवीत. डॉल्फिनचे वल्ह्यासारखे दोन पर त्यातून बाहेर यायला हवेत, नाहीतर अंगाखाली मुडपतात.

"म्हणजे बाह्यांचे मुंढे," मास्तर म्हणाले. "कुठे येतात?"

"खांद्यापाशी. साधारण."

"तिला खांदे असतात?"

टिटवीने बांबूकडे बघितलं. बांबू निमूटपणे कटिंगच्या टेबलावर चढला आणि पालथा पडला. "ती माझ्याहून हातभर लांब आहे," तो टेबलात तोंड खुपसून म्हणाला.

"पोट आत ओढू नकोस," मास्तरांनी टेप फिरवली. "ती काही ओढणार नाहीये."

जाड कापडाने दोन सुया खाल्ल्या. दुहेरी शिवण, कडांना दुमड, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. मुंढ्यांना तर मास्तरांनी पट्टी लावून असा गोल दिला की नवरदेवाच्या कोटाला द्यावा. बांबू झोळी उचलून निघाला, तर मास्तर खिशात कातरी टाकून त्याच्या पुढे.

"तुम्ही कशाला, मास्तर?"

"अंगावर चढल्याशिवाय कपडा बसला की नाही ते कळत नाही."

दांड्यावर पाणी पोटरीइतकं उरलं होतं. चार-पाच पोरं तिच्या पाठीवर ओल्या चादरी धरून बादल्यांनी पाणी ओतत होती, डोक्यावरचं श्वासाचं भोक तेवढं मोकळं ठेवून. मास्तरांचा जन्म या किनाऱ्यावर गेला होता, पण इतक्या जवळून ते पहिल्यांदाच बघत होते. तिने श्वास सोडला. भरल्या दिवसांच्या बाईने जिना चढून आल्यावर सोडावा, तसा.

पोरांनी तिला अलगद कुशीवर कलवलं आणि झोळी खाली सरकवली. एका बाजूचा पर बाहेर काढायला गेले, तर भोक पुढेच. चांगलं चार बोटं पुढे.

पोरं नुसती भोकाकडे बघत राहिली. मास्तरांचे कान तापले. कोणीतरी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मास्तर," टिटवी हळू आवाजात म्हणाली, "खांदा बांबूचा होता. तुमची काय चूक?"

मास्तर पाण्यात गुडघ्यांवर बसले. ओल्या ताडपत्रीवर खडू उमटेना, म्हणून नखाने खूण केली. मग तिच्या पराच्या बुडाशी तळहात ठेवला. गार असेल असं वाटलं होतं. ती गरम होती. त्यांनी कातरी चालवली, चार बोटं मागे. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्ही पर सरळ बाहेर आले.

"कडा उघड्याच राहिल्यात," ते म्हणाले. "कुठवर न्यायचंय?"

"छातीइतकं पाणी लागेपर्यंत."

"मग बोलण्यात वेळ घालवू नका. उचला."

सगळ्यांनी पट्टे धरले. ती उचलली गेली आणि दहा पावलांत मास्तरांच्या कानावर तो आवाज आला. चर्र. बाकीच्यांना लाटा ऐकू येत होत्या. मास्तरांना धाग्यामागून धागा सुटताना ऐकू येत होता. त्यांनी पट्टा सोडून दिला आणि फाटत चाललेल्या कापाच्या दोन्ही कडा एकाच मुठीत गच्च आवळल्या. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं. ताडपत्रीची कड तळहातात रुतत होती. "चला," ते म्हणत राहिले, "चला, चला, थांबू नका."

छातीइतक्या पाण्यात पलीकडच्या पोरांनी आपली बाजू खाली सोडली. ती क्षणभर तशीच तरंगत राहिली. मग शेपटीचा एक फटकारा बसला, सगळ्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि झोळी हलकी झाली.

बऱ्याच लांब पाण्यावर एक पाठ वर आली. श्वासाचा फवारा उडाला. पाठ पुन्हा खाली गेली.

पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, हसत होती. बांबू पाण्यात आडवा पडून आभाळाकडे बघत होता. टिटवी मास्तरांजवळ आली. त्यांची मूठ अजून तशीच होती, कापाच्या दोन्ही कडा धरून.

"सोडा आता, मास्तर," ती म्हणाली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. "गेली ती."

मास्तरांनी मुठीकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"धरू दिलं ना तिनं," ते म्हणाले. "खूप झालं."