डोंगराचं भाडं

बूट तिच्या पायाला दोन नंबर मोठे होते. दुकानदारीणबाईंनी पुढचं टोक अंगठ्याने दाबून बघितलं आणि तोंडावर सांगितलं, की असे बूट घालून चढलात तर उतरताना नखं हातात येतील.

"चढताना पाय सुजतात माझे," ती म्हणाली. "आत जाड मोजे घालेन. हेच द्या."

बाईंनी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालायचा नसतो, हे त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी कड्यावरून पडून गेला. सैन्यात हजर व्हायचा हुकूम घरी आला, तसा तो जाण्याआधी एकदा डोंगर बघून येतो म्हणून निघाला, तो परतलाच नाही. कड्याच्या काठावर त्याची फाटकी सॅक आणि टोपी सापडली. खाली नदी, आणि नदीला पूर. देह मिळाला नाही. हुकूम घेऊन आलेले अधिकारीसुद्धा मग तिच्या दारात टोपी काढून उभे राहिले. लढाई अजून चालूच होती. बेकरीवालीचा मुलगा पेटीतून परत आला, तेव्हा लोक म्हणाले, तिला निदान रडायला काहीतरी मिळालं, हिला तेही नाही.

तेव्हापासून बर्फ वितळलं, की ती दरवर्षी एकटी वर जायची. जन्मभर इस्पितळाच्या चादरींना टाके घातलेली बाई. डोंगर तिने खिडकीतून काय तो बघितलेला. पहिल्या खेपेला मुलाचंच जुनं सामान घेऊन गेली आणि अर्धमेली होऊन परत आली. मग हळूहळू एकेक वस्तू बदलत गेली. जड स्टोव्ह जाऊन तळहातावर मावणारा आला. रेनकोट घेताना तो उलटा करून शिवणी तपासायची, अगदी चादरी तपासायची तशी. स्लीपिंग बॅग मात्र लांबलचक हवी असायची, थंडीतली, भारीतली.

आणि जाताना फुगलेली सॅक येताना रिकामी असायची. सगळं ती वर ठेवून यायची. नणंदेने एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, त्याला थंडी वाजत असेल. त्यानंतर कोणी विचारलं नाही. डोंगराला भाडं देऊन येते बिचारी, असं गल्ली म्हणायची, आणि दुकानदारीणबाई न बोलता भाव कमी लावायच्या.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, की आता जिना चढतानाही कठड्याला धरा. ती हो म्हणाली आणि तिथून थेट दुकानात आली होती.

घरी येऊन तिने सॅक भरली. पट्टे खांद्यावर घेतले, उठायला गेली, आणि मटकन खालीच बसली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग तिने स्वतःचे जादा कपडे काढले. स्वतःचा तंबू काढला. स्वतःच्या खाण्यातलं निम्मं काढलं. भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पुढच्या वर्षी काय, हा विचार तिने मनात येऊच दिला नाही.

तेवढ्यात दीर दारात आला. पाठीवर त्याचीही सॅक होती, कोरी करकरीत, आणि खांद्यावर दोराचं वेटोळं.

तो गावातल्या शोधपथकाचा प्रमुख. तिचा नवरा गेल्यावर पुतण्याला बोटाला धरून डोंगर शिकवला तो यानेच. त्या वेळचा शोधही याच्याच हाताखाली झाला होता. त्याने सांगितलं, की यंदा तोही येणार. रजा घेतली आहे, ओझं तो उचलेल. तिने नाही म्हटलं. लोक काय म्हणतील म्हटलं, एकटीलाच बरं वाटतं म्हटलं. तो मान हलवत राहिला.

"वहिनी, कड्याच्या मागची बाजू आपण कधी धुंडाळलीच नाही," तो म्हणाला. "तिकडे कपारी आहेत. निदान हाडं तरी मिळतील तुम्हाला."

तीन वर्षांत हा माणूस धड झोपलेला नव्हता, हे तिला माहीत होतं. कुठे मारायचं, तेही माहीत होतं.

"तुम्ही सकाळ व्हायची वाट बघत बसलात, भाऊजी," ती म्हणाली. "रात्रीच निघाला असतात, तर माझा मुलगा आज असता."

त्याने दोराचं वेटोळं खांद्यावरून काढलं, पुन्हा खांद्यावर ठेवलं, जणू त्याचं काय करायचं ते कळेना. मग तो पायऱ्या उतरून गेला. ती दाराला कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली. मग पहाटेपर्यंतही न थांबता, उन्हं कलायच्या आत निघाली.

वाट तिने अक्षरशः कण्हत काढली. उभ्या चढावर चार पावलं टाकायची आणि काठीवर लोंबकळायचं. पाऊस आला तेव्हा झाडाला टेकून बसल्या बसल्या भिजली. कोरडी स्लीपिंग बॅग सॅकमध्येच होती, ती तिने उघडली नाही. शेवटच्या टप्प्यात तर रांगत गेली.

कड्याच्या काठावर मुलाच्या नावाचा दगड होता. दिराने बसवलेला. ती तिथे थांबली नाही. मागे वळून तिने आलेली वाट नजरेने चाचपली. खालपर्यंत कोणी नव्हतं. मग कड्याला वळसा घालून, झुडपं धरत ती मागच्या बाजूला उतरली. एका कपारीच्या तोंडाशी आडवं रचलेलं लाकूड होतं. तिथे तिने पाठीवरचं ओझं उतरवलं आणि ती धापा टाकत बसली.

"आई," आतून हलक्या आवाजात कोणीतरी विचारलं, "काका मागे नाहीत ना?"