बस्टरचा माग

बस्टर सकाळपासून जागचा हलला नव्हता, म्हणजे त्याला मादी सापडली होती. व्हर्लिनने बोट गवतात घातली, इंजिन बंद केलं आणि अँटेना हळूहळू फिरवली. हेडफोनमधली टिकटिक उजवीकडे मोठी झाली.

बस्टर म्हणजे नर अजगर. त्याच्या पोटात ट्रान्समीटर शिवून त्याला पुन्हा दलदलीत सोडलं होतं. थंडीत, विणीच्या दिवसांत, तो माद्या शोधत फिरायचा आणि व्हर्लिन त्याच्या मागे. मादी मारायची, बस्टरला हात लावायचा नाही. हे अजगर मुळात इथले नव्हतेच. कुणी हौसेने आणले, कंटाळून सोडून दिले. आता एव्हरग्लेड्स दलदलीच्या या भागात ससा दिसत नव्हता, रकून दिसत नव्हतं. कुठे काही खसफसलं तर तो अजगरच असायचा.

मादी नेच्याच्या मुळांत वेटोळं करून पडली होती, मांडीएवढी जाड. व्हर्लिनने तिची मान धरली आणि ती त्याच्या हाताला विळखा घालायच्या आत जनावरं मारायची बोल्टगन तिच्या डोक्याला लावली. पोट अंड्यांनी भरलेलं होतं. तिला बोटीत ओढताना त्याला धाप लागली.

पूर्वी हे काम दोघांचं होतं. अँटेना सोबत काम करणाऱ्या ओडेसाकडे, मान व्हर्लिनकडे. ट्रान्समीटर तपासून, मेण लावून तयार करणं हेही तिचंच काम. तिच्यासारखा कान कुणाचा नव्हता. टिकटिक ऐकून ती जागा हातभर इकडेतिकडे न चुकता सांगायची.

मग तिच्या मुलाने, क्लेने, दारूच्या नशेत ट्रक चालवला आणि समोरच्या घरातल्या लिसेटला सायकलसकट उडवलं. लिसेट शाळेतून घरी येत होती. क्ले थांबला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक कालव्यात उलटा सापडला, दार उघडं. पाणबुड्यांनी तळ पिंजून काढला. कालव्यात मगरी होत्या. पुढे कुणी फारसं विचारलं नाही.

ओडेसाने काम सोडलं, पण रोज सकाळी व्हर्लिनसाठी डबा करणं सोडलं नाही. तळलेला मासा, मक्याचा पाव, वर रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेली पाई. व्हर्लिनला डॉक्टरांनी साखर कधीच बंद केली होती, पण ओडेसाचा हात कोण धरणार? तो डबा घ्यायचा आणि संध्याकाळी रिकामा परत द्यायचा.

डबा देताना ती एवढंच विचारायची, "काही दिसलं का?"

"नाही," तो पायरीकडे बघत म्हणायचा.

आज तिने तेही विचारलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून ती समोर लिसेटच्या आईच्या, यामिलेच्या, घराकडे बघत उभी होती.

"यामिले रोज येऊन बसते माझ्याजवळ," ती म्हणाली. "'मला पुरायला पोरगी तरी मिळाली, तुला तेही नाही,' म्हणते. स्वतःची लेक गेलेली बाई, व्हर्लिन, आणि डोळे माझे पुसते."

 डबा काखेत मारून व्हर्लिन निघाला होता.

आता मादीवर ताडपत्री टाकून त्याने बोट धक्क्याकडे न नेता पश्चिमेला वळवली. दोनदा मागे वळून पाहिलं. मागे गवताशिवाय काही नव्हतं. झाडांच्या बेटाजवळ त्याने इंजिन बंद केलं आणि काठीने बोट रेटत आत नेली.

फांद्या बाजूला सारून क्ले बाहेर आला. दाढी वाढलेली, हातापायांवर डासांचे फोड.

"पाई आणलीस ना, काका?"

व्हर्लिनने डबा पुढे केला. या पोराला अजगराची मान कशी धरायची ते त्यानेच शिकवलं होतं. अपघातानंतर तो चिंब भिजून, थरथरत त्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याला हाकलून देणं व्हर्लिनला जमलं नव्हतं. आईला सांगू नको, एवढं एक वचन क्लेने घेतलं होतं. तिला यामिलेसमोर खोटं वावरावं लागेल, म्हणाला होता. तेव्हा ते व्हर्लिनला पटलंही होतं.

"उद्या कोळंबीची बोट निघतेय," व्हर्लिन म्हणाला. "खाडीच्या तोंडाशी तुला घेतील. पुढचं तुझं तू बघ."

क्लेने मान हलवली. तोंडात घास होता. "आई कशी आहे?"

"जगतेय."

लिसेटबद्दल त्याने आजही काही विचारलं नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही. व्हर्लिन त्याची बोटं बघत राहिला. पाई संपवून बोटं डब्याच्या कडेवरून फिरत होती. उद्यापासून हा डबा रिकामा कसा करायचा, हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

तेवढ्यात पाण्यात काठी बुडाल्याचा आवाज झाला.

क्ले उठला, डबा चिखलात पडला, पण पळायला जागा नव्हती. गवत दुभंगून पोलिसांची बोट आली. इंजिन बंद होतं, काठीने रेटत आणली होती. शेरीफच्या माणसाने बंदूक रोखून क्लेला गुडघ्यांवर बसायला सांगितलं. व्हर्लिनने दोन्ही हात वर केले. कुठे चुकलं, तेच त्याच्या डोक्यात चाललं होतं. तो रोज वाट बदलत होता. रोज मागे बघत होता.

मागून दुसरी बोट आली. तिच्यात यामिले बसली होती, ओंजळीत तोंड लपवून. तिच्यापुढे कुणीतरी उभं राहून अँटेना धरली होती, आणि अँटेनाचं टोक चिखलात पडलेल्या डब्याकडे होतं.

ओडेसाने हेडफोन काढून गळ्यात घेतले.

"हाच," ती शेरीफच्या माणसाला म्हणाली. "माझा मुलगा."