पोचल्याचा फोन

"थांब! बाबांचा पोचल्याचा फोन येऊ दे, मग पूस," आई ओरडली.

गरम पाणी, झाकणभर व्हिनेगर, लिंबाची सालं! माझं झकास मिश्रण तयार होतं. पण माणूस प्रवासाला निघाला की लगेच फरशी पुसायची नाही, हा आईचा नियम. बाबांच्या चिखलाच्या चपलांचे ठसे तसेच राहिले.

दुपारी घाटात दरड कोसळल्याची बातमी आली. बाबांचा ट्रक त्याच रस्त्यावर. फोन लागेना. आई न जेवता ठशांशेजारी बसून राहिली.

संध्याकाळी फोन वाजला. "पोचलो गं! जेवलीस ना?"

"हो," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आण तुझी बादली."

पाणी पुन्हा तापवून आणेपर्यंत ती तिथंच झोपली होती. मी तिच्याभोवती पुसलं. एक ठसा तिच्या तळहाताखाली होता. तो राहू दिला.