ताटाएवढी चकती

बायको गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं, त्या दिवशी दोघांची दोन सीटांची जोडसायकल मिस्त्रीच्या दुकानातच होती. नवराबायकोला घाट चढायचा होता, म्हणून गिअर बदलायला टाकली होती. मिस्त्रीने सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि न्यायला या म्हणून एकदाही फोन केला नाही.

आज लेक बापाला घेऊन आली. घाट आपण दोघं चढू, हे तिने रजा मंजूर झाल्यावरच सांगितलं होतं. आधी सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता.

मिस्त्रीने टेबलावर दोन दातेरी चकत्या ठेवल्या. एक नेहमीची, एक केवढी तरी मोठी. मागच्या चाकाला चकती जितकी मोठी, तितका चढ हलका आणि चाल मंद, हे त्याने लेकीला समजावलं.

"चाकाला जेवायचं ताट लावताय का?" लेक म्हणाली. माणसं चालत आपल्या पुढे जातील, अशी तिला शंका होती.

बाप मात्र खुलला होता. मोठी चकती हातात फिरवत तो सामान किती, शेवटचं वळण कसं अंगावर येतं, तिथे पाय कसे भरून येतात, हे सगळं भराभर सांगत सुटला. इतकं तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. काकू हलक्या होत्या, ताईंचं तसं नाही, असं मिस्त्री म्हणाला. लेकीने डोळे वटारले. ताटच ठरलं.

दुकानाशेजारची गल्ली पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ उभी चढते. चकती बसवून झाल्यावर दोघं तिथेच निघाले, बाप पुढे, लेक मागे. जोडसायकलवर गिअर बदलताना दोघांनी एकाच वेळी पायातला जोर सोडायचा असतो, नाहीतर चेन अडकते. हे दोघांनाही माहीत होतं.

अर्ध्या चढावर पॅडल जड झालं. बाप लेकीची वाट बघत होता, लेक बापाची. सायकल डुलली आणि उभी राहिली.

"बाबा, गिअर का नाही टाकला?"

"तू 'सोड' म्हणाली नाहीस."

"हँडल तुमच्याकडे, गिअर तुमच्याकडे, आणि म्हणायचं मी?"

"मागच्या माणसाने म्हणायचं असतं." मग तो म्हणाला, "आमच्यात तसं होतं."

लेकीने हेल्मेटचा पट्टा आवळला. दोघं सायकल वळवून खाली आले आणि पुन्हा निघाले.

नेमकं कधी म्हणायचं ते लेकीला कळेना, म्हणून ती सारखीच म्हणू लागली. सोड. सोड. आता सोड. दारात झाडणारी बाई झाडू थांबवून बघत राहिली. चेन खालून वर सरकत सरकत ताटावर जाऊन बसली, आणि पॅडल एकदम इतकं हलकं झालं की बाप मोठ्याने हसला. एक कुत्रं थोडा वेळ त्यांच्या बरोबरीने चाललं, मग कंटाळून पुढे निघून गेलं. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. ते न थांबता वर चढत होते.

टाकीपाशी पोचल्यावर धाप लागलेली असतानाही बाप घाटाबद्दलच बोलत होता. पहाटे निघायचं, पाणी कुठे भरायचं, वरून काय काय दिसतं. लेकही मध्येच तोडून भलतंसलतं विचारत होती.

मागून मिस्त्री चालत आला. त्याने चढताना लेकीचे गुडघे पाहिले होते. सीट काकूंच्या मापाची आहे, तुम्ही उंच, अशाने घाटात गुडघे धरतील, असं म्हणत त्याने खिशातून पाना काढला.

बापाने सीटवर हात ठेवला. "निघायच्या आधी करू."

"हो, तेव्हा करू," लेक लगेच म्हणाली.

घाटाची बाकी सगळी तयारी झाली आहे. मागची सीट वर करायची राहिली आहे.